कंपनी सरकार वेगळे, कॉर्पोरेटिझम वेगळा

अलीकडे द्वारसभांमधून, मोर्च्यांच्या फलकांवरून आणि आमच्याकडे येणाऱ्या शाखांच्या ठरावांमधून एक शब्द फार सढळ हाताने वापरला जात आहे. सरकार 'कॉर्पोरेट'चे आहे, खात्याचे 'कॉर्पोरेशन' होऊ देणार नाही, 'कॉर्पोरेटिझम मुर्दाबाद' अशा तिन्ही घोषणा एकाच फलकावर, एकच गोष्ट तीनदा सांगितल्याप्रमाणे लिहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांमागचा संताप आमचाही आहे. पण या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांतली एक कामगारांनी लढून मिळवलेली आहे, दुसरी त्यांचा पगार खाते आणि तिसरी त्यांची संघटनाच खाते. हा निव्वळ शब्दांचा घोळ असता तर त्यासाठी आम्ही इतकी पाने खर्ची घातली नसती. शत्रूचे नाव चुकले की वार भलत्यावरच पडतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी 'कॉर्पोरेशन' पाहू. मुंबई-पुण्याचाच नव्हे, तर इंदूर-वडोदऱ्याचा मराठी माणूससुद्धा 'कॉर्पोरेशनचा नळ', 'कॉर्पोरेशनची शाळा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मतदारांनी निवडलेली, आणि सफाई कामगारापासून शिक्षकापर्यंत हजारोंना नोकरी देणारी महानगरपालिका असते. दुसरे कॉर्पोरेशन म्हणजे संसदेने कायदा करून उभे केलेले महामंडळ. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. १९५६ साली २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ झाले. ही कॉर्पोरेशने खाजगी मालकाच्या हातून काढून घेतलेल्या मालमत्तेवर आणि जनतेच्या पैशावर उभी राहिली. त्यांच्यात नोकरशाही माजली, ती कामगारांशी अरेरावीने वागली, हे आम्ही वर्षानुवर्षे याच पानांवर लिहीत आलो आहोत. तरीही त्यांचा जाब संसदेत विचारता येत होता. तिसरे कॉर्पोरेशन म्हणजे कंपनी. तिचे मालक भागधारक, तिचा हिशोब नफ्याचा.

एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे होते, हे विमा कर्मचाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. २०२१ साली आयुर्विमा महामंडळाचा कायदा दुरुस्त करण्यात आला आणि मे २०२२ मध्ये त्याचे साडेतीन टक्के भाग बाजारात विकले गेले. पाटीवर नाव तेच राहिले, पण महामंडळ शेअर बाजाराच्या दारात जाऊन उभे राहिले. उद्या 'कॉर्पोरेशन नको' असे सरसकट म्हणणारा आमचा कार्यकर्ता १९५६ चे राष्ट्रीयीकरणसुद्धा नको म्हणून बसेल. त्याला नको आहे ते कंपनीकरण, आणि तोच शब्द त्याने वापरावा.

आता सरकारातील कंपन्यांच्या वजनाकडे येऊ. यासाठी परक्या शब्दाची उसनवारी करण्याची गरजच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'कंपनी सरकार' हा शब्द होता. १६०० साली सनद मिळवलेल्या एका व्यापारी कंपनीने १७६५ साली बंगालची दिवाणी घेतली, १८१८ साली पेशवाई बुडवली आणि १८५८ पर्यंत या देशावर राज्य केले. शेतसारा वसूल करायचा आणि लंडनच्या भागधारकांना लाभांश वाटायचा, हा तिचा राज्यकारभार. कंपनी सत्तेत बसली की राज्य कोणासाठी चालते, याचा इतका उघडावाघडा धडा जगात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आजचे कंपनी सरकार असे सनद घेऊन येत नाही. ते कायद्याच्या कलमांतून येते. पूर्वी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून जास्त देणगी राजकीय पक्षाला देता येत नसे. २०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि त्याच सुमारास निवडणूक रोख्यांची योजना आणली. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळू नये, अशी त्यात सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला होता. पगारदाराला मात्र त्या सुमारास तिकडे कोणी विचारले नाही. या सर्व व्यवहारात कंपन्या सरकारबाहेरच असतात. त्या वजन टाकतात, पैसा टाकतात, आपली माणसे नेमवून घेतात आणि आपल्याला हवे ते पदरात पाडून घेतात. याला मक्तेदारी भांडवलाचे राज्य म्हणा, कंपनीशाही म्हणा. कॉर्पोरेटिझम मात्र म्हणू नका.

कारण कॉर्पोरेटिझम ही दुसरीच चीज आहे. मुसोलिनीच्या नावावर एक वाक्य फलकांवर आणि भाषणांत फिरत असते: सरकार आणि कंपन्या यांचे मीलन म्हणजे फॅसिझम, म्हणून त्याला कॉर्पोरेटिझमच म्हणावे, अशा अर्थाचे. त्याच्या कोणत्या लेखात वा भाषणात ते आहे, हे आजवर कोणालाही दाखवता आलेले नाही. आणि इटालियन भाषेत 'कोर्पोरात्सिओने' म्हणजे कंपनी नव्हेच. एका धंद्यातील मालक आणि कामगार यांना एकत्र बांधून त्यांच्यावर सरकारचा माणूस बसवलेले मंडळ म्हणजे कोर्पोरात्सिओने. मुळात हा शब्द मध्ययुगातील कारागिरांच्या पंचायतींचा. तो घेऊन फॅसिस्टांनी काय केले, ते प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने एकदा तपशिलाने वाचावे. आम्ही ते येथे मुद्दाम जरा विस्ताराने देत आहोत.

१९२३ साली मुसोलिनीने १ मेची कामगार सुट्टी रद्द केली आणि तिच्याऐवजी २१ एप्रिल, म्हणजे रोम शहराचा स्थापनादिन, 'श्रमदिन' म्हणून ठरवला. ऑक्टोबर १९२५ मध्ये कारखानदारांचा महासंघ आणि फॅसिस्ट युनियनांचा महासंघ यांच्यात रोमच्या विदोनी राजवाड्यात करार झाला. दोघांनी एकमेकांना एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. कामगारांनी निवडलेल्या कारखाना समित्या त्याच करारात मोडीत निघाल्या. ३ एप्रिल १९२६ च्या कायद्याने हीच व्यवस्था सरकारी झाली. प्रत्येक धंद्यात एकाच संघटनेला मान्यता मिळणार होती, आणि त्यासाठी दहा टक्के कामगार सभासद असले तरी पुरे. तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, आणि सभासद असो वा नसो, वर्गणी सगळ्यांच्या पगारातून. तिच्या पुढाऱ्यांची 'राष्ट्रनिष्ठा' सरकारने तपासायची. संप हा गुन्हा. टाळेबंदीही गुन्हाच, म्हणजे कागदावर समसमान न्याय! पण मालकाला टाळेबंदीची गरजच कशाला पडते? कामगाराला काढून टाकण्याचा त्याचा अधिकार शाबूत होता. संप हे मात्र कामगाराचे एकमेव हत्यार होते.

१९२७ साली मोठा गाजावाजा करून 'श्रमाची सनद' जाहीर झाली. भांडवल आणि श्रम एकाच राष्ट्रदेहाचे अवयव आहेत, उत्पादन हे राष्ट्रकार्य आहे, इत्यादी वचने तिच्यात आहेत. त्याच वर्षी आणि पुन्हा १९३० साली मजुरीत सर्वसाधारण कपात झाली. त्या कपातीवर सही कोणाची? कामगारांची 'एकमेव' म्हणवणारी संघटना तेव्हा मालकांच्या पंक्तीला बसली होती. १९३४ मध्ये बावीस कॉर्पोरेशने स्थापन झाली आणि १९३९ मध्ये निवडणुकीने येणारे प्रतिनिधिगृहच बरखास्त करून त्याजागी फॅसिस्ट पक्ष व कॉर्पोरेशने यांचे सभागृह आणले. कामगारांच्या वतीने या मंडळांत बसणाऱ्यांना कामगारांनी कधी निवडलेच नव्हते. धातुकामगारांचे जुने नेते ब्रुनो बुओत्सी यांना देश सोडावा लागला, आणि पुढे जून १९४४ मध्ये रोममधून पळ काढणाऱ्या जर्मनांनी शहराच्या वेशीबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. पण ही व्यवस्था अभेद्य होती असेही कोणी समजू नये. मार्च १९४३ मध्ये तुरीनमधील कारखान्यांत, फियाटसकट, कामगारांनी काम थांबवले. ना मान्यताप्राप्त संघटना, ना नोटीस, आणि वर युद्धकाळ. तरी तो संप मिलानपर्यंत पसरला.

कंपनी सरकारात मालक राज्याला विकत घेतो. कॉर्पोरेटिझममध्ये राज्य मालक आणि कामगार या दोघांनाही एका चौकटीत बसवते. मालकाला त्या चौकटीत ऊब मिळते आणि कामगाराचा श्वास कोंडतो. 'कॉर्पुस' म्हणजे देह. समाज हा एक देह आहे, कोणी डोके, कोणी हात, आणि हात डोक्याविरुद्ध कसे उठतील, हा त्यामागचा सारा युक्तिवाद. हा युक्तिवाद आपल्याला इटलीकडून शिकायला नको. मुखातून कोण, बाहूतून कोण आणि पायांतून कोण जन्मले, हे या देशात हजारो वर्षे सांगितले गेले आहे, आणि पायांच्या वाट्याला काय आले तेही आपण पाहिले आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. तो विचार ज्याने पचवला आहे त्याला 'आपण सगळे एकाच कुटुंबातले' हे मॅनेजमेंटचे गोड भाषण ऐकताना सावध होण्यासाठी मुसोलिनी वाचावा लागत नाही.

कोणी म्हणेल, इटली दूर राहिली. मग मुंबई पाहू. १९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. सक्तीची समेटाची प्रक्रिया आणि तोवर संप बेकायदा, असा त्याचा गाभा. सरकार परके नव्हते, लोकांनी निवडलेले होते, आणि हेतूही औद्योगिक शांततेचा सांगितला जात होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर आणि कॉम्रेड डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट पुढारी, ज्यांचे एरवी फारसे पटत नसे, ते या 'काळ्या कायद्या'विरुद्ध एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला. संपाचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्याच्याच अधिकाराचे दुसरे नाव, असे बाबासाहेबांनी विधिमंडळात बजावले होते. कायदा तरीही झाला.

पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यात 'प्रातिनिधिक संघटना' ही संकल्पना होती. एका गावातील एका धंद्यात एकच संघटना सर्वांच्या वतीने बोलणार. तिला बहुमताची अट नव्हती आणि कामगारांचे गुप्त मतदान नव्हते. अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबईचे कामगारमंत्री होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांला शंका घ्यायची नाही. लवादाने आणि सलोख्याने कामगाराचे भले होईल असे त्यांना खरोखरच वाटत असावे. पण कायदा चालतो तो त्याच्या कलमांप्रमाणे, करणाऱ्याच्या सद्‌हेतूप्रमाणे नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनसबरोबर त्यांची एक मागणी हा कायदाच रद्द करण्याची होती. सरकारचे उत्तर ठरलेले होते: कायद्याने प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ आहे, बोलणी तिच्याशीच होतील. अडीच लाख माणसे रस्त्यावर, आणि त्यांच्या वतीने बोलायला कायद्याने नेमलेले लोक वेगळेच! तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. हजारो संसार गिरणगाव सोडून कोकणात आणि घाटावर परतले. गिरणीमालकांची अरेरावी या शोकांतिकेचा एक भाग होती, ती सांगितली जाते. दुसरा भाग त्या एका कलमाचा होता आणि तो फारसा सांगितला जात नाही.

येथे आमचे काही मित्र विचारतील की मग सरकार-मालक-कामगार अशा त्रिपक्षीय परिषदा तुम्ही का मागता? तोही कॉर्पोरेटिझमच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९३८ मध्ये, म्हणजे मुंबईच्या काळ्या कायद्याच्याच सुमारास, स्वीडनमध्ये साल्त्शेबादेन येथे कामगार महासंघ आणि मालकसंघ यांच्यात मूलभूत करार झाला. तेथे दोन्ही बाजू आपापल्या पायांवर उभ्या होत्या. संघटना सरकारच्या मान्यतेवर जगत नव्हती, आणि संपाचे हत्यार तिने मोडून टाकले नव्हते, म्यान केले होते. म्यानातली तलवार घेऊन बोलणीला बसणे वेगळे आणि हात बांधून बसवले जाणे वेगळे. आमच्याकडे ऑगस्ट १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय परिषद भरली. तेथून पुढे भारतीय श्रम परिषदेची परंपरा चालू झाली. १९५७ च्या पंधराव्या परिषदेने गरजांवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले: तीन माणसांचा आहार, माणशी रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि एकूण वेतनाच्या २० टक्के इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्च. आजही प्रत्येक वेतनाच्या दाव्यात आमचे वकील हेच निकष पुढे करतात. ते परिषदेने दिले, कारण परिषदेबाहेर संप करू शकणाऱ्या संघटना होत्या.

आणि या सरकारला तेवढेही सोसत नाही. श्रम परिषदेचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी पुढचे अधिवेशन बोलावले नव्हते, म्हणून ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात ती एक मागणी होती. चार श्रमसंहितांपैकी तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला असताना, संसदेत मंजूर झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू करण्यात आल्या आहेत. मालकसंघांनी त्यांचे स्वागत केले यात नवल नाही. तीनशेपर्यंत कामगार असलेला कारखाना आता सरकारी परवानगीशिवाय कपात करू शकतो वा टाळे लावू शकतो. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. हा झाला कंपन्यांचा वाटा.

पण औद्योगिक संबंध संहितेत दुसराही धागा आहे, आणि तो निव्वळ 'कॉर्पोरेटधार्जिणे' म्हणून दुर्लक्षिला जातो. पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती असलेली संपाच्या नोटिशीची सक्ती आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. चौदा दिवस थांबायचे. तेवढ्यात समेट अधिकाऱ्याने बैठक बोलावली की समेटाची कार्यवाही सुरू होते, आणि ती चालू असेपर्यंत व संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. म्हणजे संप कधी कायदेशीर असेल हे ठरवणे समेट अधिकाऱ्याच्या हाती! पन्नास टक्के कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप. बेकायदा संपाबद्दल जुन्या कायद्यात पन्नास रुपयांपर्यंत दंड होता, आता किमान एक हजार आणि कमाल दहा हजार, शिवाय महिनाभराची कैद आहेच. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना होणार. बहुमताला आमची हरकत नाही, आम्ही तर गुप्त मतदान वर्षानुवर्षे मागत आलो. पण पाठिंबा कसा पडताळायचा ते संहितेने सांगितलेले नाही, ते सरकारने नियमांनी ठरवायचे आहे. गिरणगावाचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल.

हे दोन्ही रोग एकदम अंगावर आले म्हणजे काय होते, ते संरक्षण उत्पादनातील कामगारांनी भोगले आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, आणि महाराष्ट्राबाहेर जबलपूर, इटारसी, कानपूर, ईशापूर, अवडी... असे ४१ आयुध कारखाने सरकारचे खाते होते. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या सात कंपन्या करण्याचा निर्णय घेतला. परस्परांशी एरवी भांडणाऱ्या महासंघांनी मिळून संपाची तयारी केली. ३० जून २०२१ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने वटहुकूम निघाला: अत्यावश्यक संरक्षण सेवांत संप करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबरला सात कंपन्या सुरू झाल्या. वटहुकुमामागचा कायदा एका वर्षाच्या मुदतीचा होता, म्हणजे त्याचे काम काय होते ते त्या मुदतीवरूनच उघड होते. कामगाराचे तोंड बांधायचे, तेवढ्यात पाटी बदलायची.

या लढ्याच्या वेळी अनेक ठिकाणी सगळा जोर 'कंपनी नको' यावर दिला गेला. संपबंदीला तात्पुरता अडथळा मानले गेले. आमचे मत उलटे आहे. सरकार कंपनी करते तेव्हा भांडता येते. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची भारत संचार निगम झाली तेव्हा कर्मचाऱ्यांनी आधी संप करून निवृत्तिवेतनाची हमी सरकारकडून घेतली. ती हमी मिळाली ती संप करता आला म्हणून. भांडण्याचा अधिकारच गेला तर ना खाते वाचवता येते, ना कंपनीत गेल्यावर पदरात काही पाडून घेता येते.

म्हणून शाखांना आमची विनंती आहे. येत्या मेळाव्यांचे ठराव लिहिताना कंपनीकरणाला कंपनीकरण म्हणा, आणि त्याविरुद्धची मागणी मालकी व संसदीय नियंत्रणाची ठेवा. संपबंदी, सरकारी मान्यता आणि एकमेव संघटना यांविरुद्धचा ठराव वेगळा करा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: नोटिशीची सक्ती पूर्वीप्रमाणे सार्वजनिक सेवांपुरतीच असावी, वाटाघाटी संघटना गुप्त मतदानानेच ठरावी, आणि भारतीय श्रम परिषदेचे अधिवेशन ताबडतोब बोलवावे. राज्यांच्या नियमांवर आपापल्या राज्याच्या कामगार खात्याकडे लेखी हरकती नोंदवा आणि त्याची एक प्रत महासंघाच्या कार्यालयाकडे पाठवा. जबलपूर, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी सभासदांनी हे काम तेथल्या स्थानिक भाषेतील पत्रकांद्वारे करावे, मराठी पत्रक तेथे अपुरे पडेल.